न विचारलेले तीन प्रश्न

ठमाबाईने उजवा हात पुढे केला, तेव्हाच अमिषाला खटकलं.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती काकीचा रक्तदाब मोजायची. काकी म्हणजे ठमाबाई, तिची चुलत सासू. दोघींच्या घरांमध्ये एक शेवग्याचं झाड आणि कपड्यांची एक दोरी, एवढंच अंतर. अमिषा खारवली गावची आशा सेविका होती. काकीची गोळी चालू झाल्यापासून दोन वर्षं एकही मंगळवार चुकला नव्हता, आणि दर वेळी काकी डावा हात पुढे करायची, कारण उजव्याला नेहमी काही ना काही लागलेलं असायचं, पीठ, माती, नाहीतर मासळीचं पाणी. आज उजवा हात धुऊन पुसून समोर आला होता आणि डावा पदराखाली होता.

“आज उजवा?”

“हात तो हात. डाव्याउजव्यानं तुझं मशीन इटालतं काय?” ठमाबाई म्हणाली.

अमिषा हसली. आकडा आला एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी. तिने तो वहीत लिहिला आणि मग, का कोण जाणे, दोन्ही हातांचा मोजायचा असा नवा नियम आलाय, असं ठोकून दिलं. ठमाबाईने बरीच टाळाटाळ केली. आधी चहा पी म्हणाली, मग कोंबडी आत शिरली म्हणून उठायला लागली. शेवटी डावा हात पदराबाहेर आला, पण कोपर बरगडीपासून सुटेना. अमिषाने पट्टा बांधायला तो अलगद उचलला, तेव्हा हळदीचा वास आला आणि त्या हळदीखालून आणखी एक वास. पोलक्याच्या आत फडक्याची घडी होती.

अमिषाने उठून दार लावलं.

डाव्या छातीच्या वरच्या, काखेकडच्या भागात कातडी मोसंब्याच्या सालीसारखी झाली होती. बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्याच्याभोवती लेपाची पिवळी खपली धरली होती. बोटांना गाठ लागली, सुपारीहून मोठी, टणक, जागची न हलणारी. काखेत आणखी दोन, चिंचोक्याएवढ्या. अमिषाने दाबून पाहिलं. दुखतं का, विचारलं. अजिबात न्हाय, असं काकी मोठ्या विश्वासाने म्हणाली. दुखलं असतं तर अमिषाला जरा बरं वाटलं असतं. प्रशिक्षणात तिने नीट लिहून घेतलं होतं, सुरुवातीला दुखत नाही म्हणूनच बाया थांबतात.

“काय गो, तोंड का उतरलं तुझं?”

“कधीपासून आहे हे, काकी?”

“मागच्या वर्सी घट बसले तवा वाटान्याएवढी व्हती.”

आता डिसेंबर चालू होता. अमिषाने मनात मोजलं. चौदा महिने.

एवढे दिवस कुणाला बोलली का नाहीस, निदान मला तरी, शेवग्यापलीकडेच तर राहते मी, असं ती विचारत राहिली. आवाज चढला होता, ते तिच्याही लक्षात आलं. ठमाबाई पोलक्याचे हूक लावता लावता थांबली. तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, नवल होतं.

“तुला काय सांगायचं? तूच तपासलंस नं मना. शिमग्याच्या आदी. कमरंला टेप लावलास, मशीन लावलंस, बोटातनं रगत काढलंस. मंग म्हणालीस, काकी, सगलं बरोबर हाय. तवा गाठ व्हतीच की. मी म्हटलं, शिकलेल्या पोरीला कललं आसंल. वाईट असतं तर बोलली असती. दुधाची गाठ आसंल, माझा धाकला गेला तवाची.”

तो धाकटा जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. वीस दिवसांचा होता.

अमिषाने पट्टा गुंडाळला, मशीन पिशवीत टाकलं आणि गुरुवारी आपण मोठ्या दवाखान्यात जाऊ, एवढंच सांगितलं. काकीने मान हलवली, पण ती नकाराची. माघात अल्पेशचं लग्न. मांडव, मानपान, हळदीला चारशे माणूस जेवणार. नवऱ्या मुलाची आई असल्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेली हे मुलीकडच्यांना कळलं तर काय काय बोलतील. आणि जे शिमग्याआधी बरोबर होतं, ते आता एकदम वाईट कसं होईल?

*

घरी येऊन अमिषाने मार्चमध्ये संपलेल्या वर्षाची फाइल काढली.

तो फॉर्म तिला पाठ होता. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भरायचा, मार्चअखेर गाव पूर्ण करायचं. पहिलं पान वयाचं, तंबाखूचं, कमरेच्या घेराचं. दुसरं पान त्रासाचं. खोकला, ताप, तोंडातली जखम. त्याच्याखाली फक्त स्त्रियांसाठी म्हणून काही ओळी आणि त्यांत एकाखाली एक हे तीन प्रश्न. स्तनात गाठ आहे का. स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो का. स्तनाच्या आकारात बदल जाणवतो का. हे एकांतात विचारावेत, असं प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं.

खारवलीत एकांत कुठून आणायचा? प्रत्येक घराची ओटी रस्त्यावर उघडी. बंदराकडे जाणारे ट्रेलर दारावरून धडधडत जातात आणि त्यांवरचे पुरुष पाळीप्रमाणे घरी येतात, म्हणजे दिवसाच्या कुठल्याही वेळी ओटीवर कुणीतरी जेवत किंवा झोपलेलं असतंच. पहिल्याच घरात अमिषाने ते तीन प्रश्न छापले होते तसेच वाचले. म्हातारी ठसका लागेपर्यंत हसली. तिचा मुलगा ताटावरून उठून गेला. संध्याकाळी नळावर बाया अमिषाकडे बघून एकमेकींना विचारत होत्या, काय गो, तुझ्या आकारात बदल झाला का?

दुसऱ्या घरापासून तिने वेगळी रीत बसवली. खोकला, ताप, तोंडाचं विचारून झालं की म्हणायचं, “बाकी काय त्रास न्हाय ना?” समोरची म्हणायची, न्हाय. की तीन चौकटींत तीन खुणा. अमिषा कामचुकार नव्हती. साखरेचा आकडा शंकास्पद वाटला तर ती पुन्हा घरी जाऊन सकाळी उपाशीपोटी मोजायची. त्या तीन ओळींपाशी मात्र तिचं पेन घाईला यायचं.

काकीच्या घरी तर तिने तेवढंही विचारलं नव्हतं. समोर झोपाळ्यावर धर्माकाका बसले होते. चुलत सासरा. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर अमिषा डोक्यावरचा पदर सांभाळूनच बोलायची, तेही विचारलं तेवढंच. त्या दिवशी तिने काकीच्या तोंडाकडे न बघता खुणा केल्या. नाही. नाही. नाही. खाली तिची सुबक सही आणि तारीख, अकरा फेब्रुवारी.

तिने आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक प्रणाली मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुरुवारची ओपीडी, आठच्या आत नंबर लावायचा, आधारकार्ड आणि रेशनकार्ड दोन्ही ठेवायचं, असं सगळं भराभर सांगितलं. फॉर्मचं काय करू, असं अमिषाने विचारल्यावर आवाज खाली आला.

“आजच्या तारखेनं नवीन लक्षण म्हणून टाक. जुन्याला हात लावू नकोस. तुझं गाव शंभर टक्के पूर्ण झालेलं आहे, अमिषा. कुणाला काय कळणार आहे?”

कुणाला काही कळलं नसतं, हे खरंच होतं. पण काकी दवाखान्यात येत नव्हती, आणि ती येत नव्हती ती अमिषाने फेब्रुवारीत तपासलं या भरवशावर. हा भरवसा असेपर्यंत ती लग्न उरकेल, मग पूजा, मग सुनेचं माहेरपण, मग पावसाळा. अमिषाने पुन्हा मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्माकाका मांडववाल्याकडे गेलेले पाहून ती शेवग्याखालून पलीकडे गेली. ठमाबाई सुकट निवडत बसली होती, एका हाताने. अमिषा तिच्यासमोर बसली आणि तिनेही मूठभर सुकट पुढ्यात ओढून घेतली. हाताला काम असलं की बोलणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“काकी, फेब्रुवारीत मी तुझी छाती तपासली नव्हती. ते टेपनं किंवा रक्तानं कळत नाही. फक्त विचारायचं होतं. ते मी विचारलं नाही.”

“पन लिवलंस.”

“व्हय. नाही म्हणून लिहिलं.”

ठमाबाईच्या बोटांत एक चिंबोरीचं पिल्लू होतं, सुकटीत कधी कधी येतं तसं. तिने ते बाजूला टाकलं.

“माझी भयीन हाय नं पेणच्या अंगाला,” ती म्हणाली. “तिच्या गावच्या आशाबायनं तिला इचारलं व्हतं, छातीत काय हाय का म्हणून. भयनीनं मना फोनवर सांगितलं. म्हणून त्या दिशी मी सकालीच न्हाऊन बसले. आपनहून कसं सांगायचं? म्हटलं, अमिषा इचारील तवा सांगीन. तू सगलं इचारलंस. मिशेरी लावतेस का. चुलीवर जेवन करतेस का. खोकला हाय का. मी म्हटलं, आता इचारील. मंग तू वही मिटलीस.”

अमिषाला वाटलं होतं की काकी रागावेल, ओरडेल, हाकलून देईल. त्याची तिने तयारी केली होती. याची नव्हती.

तेवढ्यात काका परत आले. मांडववाला भेटला नव्हता, म्हणून आधीच वैतागलेले. दोघी गप्प झालेल्या पाहून त्यांनी काय झालं विचारलं. ठमाबाईने सवयीने काही न्हाय म्हटलं आणि सूप उचललं. अमिषाला ते “काही न्हाय” ओळखीचं वाटलं. तिने डोक्यावरचा पदर सावरला नाही.

“काका, काकीच्या छातीत गाठ आहे. काखेत पण आहे. चौदा महिने झाले. उद्या दवाखान्यात न्यायला हवं.”

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग बाहेर रस्त्याकडे. एक ट्रेलर गेला. तो पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

“तूच तर तपासलंस. सगलं बरोबर म्हणालीस, माझ्यासमोर.”

“तुमच्यासमोर म्हणूनच विचारलं नाही. न विचारता लिहिलं.”

“लाज न्हाय वाटत?”

कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. खोटं लिहिल्याची, की सासऱ्यासमोर तो शब्द काढल्याची. अमिषाने दोन्हीची म्हणून मान हलवली. मग ते झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो तिला प्रणाली मॅडमनीही विचारला नव्हता.

“आनि बाकीच्या बायांचं?”

“त्यांचंही तसंच.”

“म्हंजे आख्ख्या गावाला फसवलंस.” ते उठले आणि चपला न घालताच बाहेर गेले.

संध्याकाळी नळावर अमिषा गेली तेव्हा बोलणं थांबलं. तिने हंडा नळाखाली लावला. मग मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, आज आमचं काय लिवनार? हाय का न्हाय?” यावर कुणी हसलं नाही, आणि तेच अमिषाला जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी सहाला ती एकटीच मिनीडोर रिक्षाच्या थांब्याकडे निघाली होती. निदान नंबर लावून ठेवावा, मग फोन करावा, पाया पडावं, काय सुचेल ते करावं. मागून हाक आली. ठमाबाई लग्नासाठी घेतलेल्या नव्या साडीत होती, हातात कागदांची पिशवी.

“अल्पेशचा बापूस बोलत न्हाय माझ्याशी,” ती म्हणाली. “बोलत न्हाय म्हंजे आडवत बी न्हाय. चल लवकर, न्हायतर नंबर जाईल.”

*

मोठ्या दवाखान्यात चार रांगा आणि पाच तास गेले. ठमाबाईने कुणालाच काही विचारलं नाही. तपासणीसाठी गाठीत सुई टोचली तेव्हा तिने फक्त डोळे मिटले. डॉक्टर तरुण होती, बोलायला साधी. तिने गाठ मोजली, आकडे सेंटिमीटरमध्ये लिहिले, काखेतल्या गाठी मोजल्या. अमिषा उलट्या बाजूने ते आकडे वाचत होती आणि ते वाचता येत नसते तर बरं, असं तिला वाटत होतं.

एवढे दिवस का थांबलात, असं डॉक्टरने विचारलं.

“घरात लगीन काढलंय,” ठमाबाई लगेच म्हणाली. “कामाच्या धबडग्यात सवड झाली न्हाय.”

काकी आपली चूक झाकते आहे, हे कळायला अमिषाला एक क्षण लागला. आणखी एक क्षण गप्प बसली असती तर ते कागदावरही तसंच उतरलं असतं.

“तसं नाही, डॉक्टर. मी त्यांच्या गावची आशा आहे. दहा महिन्यांपूर्वी फॉर्म भरताना मी विचारलं नाही आणि नाही म्हणून लिहिलं. त्या सांगायला तयार होत्या.”

डॉक्टरने पेन थांबवलं. रागावली नाही. रागावायला तिच्याकडे वेळ नव्हता, बाहेर अजून साठ नंबर होते.

“गावात तिशीपुढच्या बायका किती?”

“दोनशे बारा.”

“आणि हे प्रश्न विचारलेत किती जणींना?”

“एकीला.”

रिपोर्टला दहा दिवस लागतील, तोवर छातीचा आणि पोटाचा फोटो काढून घ्या, आज मी काहीच सांगत नाही, असं डॉक्टर ठमाबाईकडे बघून म्हणाली. उपचार आहेत, लांबणार आहेत, लग्नासाठी थांबायचं नाही. मग चिठ्ठी अमिषाच्या हातात देताना तेवढ्याच आवाजात म्हणाली, “फेब्रुवारीत आल्या असत्या, तर आज मी वेगळं बोलले असते.”

परतीच्या मिनीडोरमध्ये दोघी मागच्या बाकावर बसल्या. ठमाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. जिथे तिने पंधरा वर्षं मीठ ओढलं, त्या मिठागरांवर आता भराव होता आणि भरावावर कंटेनरच्या थप्प्या. अमिषाला माफी मागायची होती. शब्द जुळवून झाले होते, पण ते मनातल्या मनातच इतके हलके वाटले की तिने गिळून टाकले. खारवलीचा फाटा जवळ आला तेव्हा ठमाबाई न वळताच बोलायला लागली.

“भिकूची मैना. तलावावर कापडं धुताना ती डाव्या अंगाचा पदर भिजू देत न्हाय. आत फडकं ठेवते. मी बी ठेवते, म्हणून मना कलतं. मी तिला बोलले न्हाय, ती मना बोलली न्हाय.” ती जरा थांबली. “तिचं तू काय लिवलंस?”

उत्तराची वाट न बघता ठमाबाईने कागदांची पिशवी अमिषाच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

“मी जाईन घरी. मना काय आता धरून न्यायला नको. तू हितंच उतर.”

मैनाचं घर फाट्यावरच होतं. मैना अडतीस वर्षांची, दोन पोरी शाळेत. नवरा भिकू रात्रपाळीहून आलेला, ओटीवर बनियनवर जेवत बसला होता. अमिषाला पाहून त्याने भाताचा घास गिळला आणि दात दाखवले.

“काय वहिनी, आज खरं लिवनार काय?”

“भिकूदादा, जरा बाहेर बसता का? मला मैनाशी बोलायचंय.”

“माझ्याच घरातनं मना भाहेर?” तो अजून हसतच होता. “आमच्यासमोर इचार की. आमी काय कुनी परके हाव?”

अमिषा उंबऱ्यात उभी राहिली. सरकली नाही, हसली नाही, पदराशीही खेळली नाही. भिकू तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने ताट उचललं आणि रस्त्यापलीकडे उभ्या केलेल्या आपल्या ट्रेलरच्या सावलीत जाऊन बसला.

अमिषाने दार लोटलं. मैना आतल्या खोलीत जमिनीवर तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही. तिच्यासमोर बसून, हातात फॉर्म न धरता, रोजच्या बोलण्यातले शब्द वापरून अमिषाने विचारलं, छातीत गाठ आहे का. बोंडातून पाणी, रक्त काही येतं का. एक बाजू वेगळी दिसते का.

सूप मैनाच्या हातात तसंच थांबलं. मग तिने ते खाली ठेवलं, उठली आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.